उतारावरचा हात

नवनाथच्या डाव्या हाताला एक खोड होती. उतार दिसला की तो हात कुणाला विचारत नसे. गाडी न्यूट्रलवर टाकून मोकळा होई. एकोणीस वर्षं नवनाथनं रविराजशेठचा टेम्पो चालवला आणि याच खोडीवर डिझेल वाचवून नाव कमावलं. "नवनाथची टाकी आटतच नाय," असं सातपूरच्या गोडाउनात म्हणायचे, आणि ते ऐकून स्वारी दिवसभर खुशीत असायची.

पण त्या मंगळवारी गोष्ट वेगळी होती. टेम्पोत डिझेल नव्हतं; टाकीच नव्हती. ज्या कंपनीचा साबण-बिस्किटांचा माल ते वाहत, तिनं बजावलं होतं की यापुढे धूर सोडणारी गाडी दारात नको. मग तिन्ही जुन्या टेम्पोंची इंजिनं काढून बॅटऱ्या बसवायच्या, की ते भंगारात देऊन दोन नवे विजेचे घ्यायचे? शेठला काही ठरवता येईना. शेवटी नवनाथच्याच टेम्पोवर प्रयोग झाला. अंबडला वर्कशॉप चालवणारी चैताली, तिशीही न गाठलेली इंजिनिअर पोरगी, महिनाभर खपली आणि तिनं इंजिनाच्या जागी मोटर बसवली.

आज भरल्या मालानिशी हरसूलला जायचं आणि त्याच चार्जवर परत यायचं. जमलं, तर तिन्ही टेम्पो असेच बदलायचे. नाही जमलं, तर दोन नवे. आणि दोन गाड्यांना तीन ड्रायव्हर म्हटल्यावर घरी कोण बसणार? तिघांत वयानं थोरला कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"शोरूमचा माणूस चार वाजता येतोय, भाऊ," रविराजशेठ म्हणाला. "त्याआधी मला कळवा."

निघताना चैतालीनं बजावलं होतं, "काका, उतारावर न्यूट्रल करायचं नाही हं." नवनाथनं मान डोलावली. गाडी कशी चालवायची हे पोरीनं सांगितलं की पुरुषमाणूस जशी डोलावतो, तशी. लक्ष सगळं लिंबू-मिरची बांधण्यात होतं.

गाडी निघाली ती आवाजच न करता. एकोणीस वर्षांची घरघर गेल्यानं त्याला सुनंसुनं वाटत होतं. समोर बॅटरीचा आकडा होता, शंभर. गिरणारे मागे पडलं तेव्हा ब्याऐंशी. त्यानं पंखा बंद केला, रेडिओ बंद केला. हॉर्नसुद्धा जपून वाजवू लागला. वाघेरा घाटाचा उतार लागला आणि त्याला हायसं वाटलं. इथं तर आपला हातखंडा! डाव्या हातानं बटण न्यूट्रलवर फिरवलं आणि गाडी आपसूक घरंगळू लागली. ब्रेक जरा तापल्याचा वास आला, पण त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

हरसूलला माल उतरला तेव्हा आकडा चव्वेचाळीस होता. चैतालीच्या हिशेबानं निदान पंचावन्न हवे होते. त्यात परतीला सगळा घाट चढायचा. नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात शेठचा फोन आला.

"किती राहिली, भाऊ?"

"चव्वेचाळीस. बॅटरीच कच्ची दिसतीय, शेठ," तो बोलून गेला. "माझ्या चालवण्यात काय कसूर नाय."

"मला वाटलंच होतं. मग नव्यांचंच बघतो."

फोन ठेवल्यावर रागारागानं त्यानं चैतालीला लावला. "ताई, तुमची बॅटरी लय खादाड हाय बघा!"

"घाटात न्यूट्रल केलं होतं का, काका?"

"मग? एकोणीस वर्षं करतोय."

"अहो, डिझेलची गोष्ट वेगळी. ही गाडी उतारावर गियरमध्ये असली की मोटर उलटी वीज बनवते, बॅटरी भरते. भरल्या मालानं तर चांगलीच भरली असती. तुम्ही घाटभर ती वाया घालवलीत."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर इंजिन गेलं होतं नि पीळ तेवढा राहिला होता.

शेठला लगेच फोन करून खरं सांगायला हवं होतं. त्यानं नंबर काढलाही. पण एकोणीस वर्षांचं नाव, आणि एका पोरीनं सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून... जीभ रेटेना. पोचल्यावर सांगू, म्हणत त्यानं गाडी काढली.

घाट चढताना आकडा पाण्यासारखा उतरू लागला. पस्तीस. एकतीस. सव्वातीन वाजले होते. चारच्या आत सातपूर कसलं गाठतोय! आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो पोचेपर्यंत शोरूमवाला पेढे देऊन गेलेला असणार. स्वतःचं नाव राखायला त्यानं गाडीवर आळ घेतला होता, आणि गाडी गेली की पाठोपाठ तोही जाणार होता. आपल्याच पायावर धोंडा, तोही दोन्ही हातांनी उचलून.

त्यानं फोन काढला. रेंज नव्हती. एका वळणावर थांबून उतरला, फोन उंच धरून पाहिला. नाही. पुढच्या वळणावर पुन्हा थांबला. नाहीच. पंचवीस. बावीस. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा घड्याळाची भीती मोठी होती.

माथ्यावर आला तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. आकडा एकोणीस. फोनवर रेंजची एक काडी उगवली.

"बोला भाऊ. हे आलेत इथं, सहीच करतोय."

"करू नका, शेठ!" तो ओरडलाच. "गाडी चांगली हाय. पोरीचं काम चोख हाय. मीच उतारावर न्यूट्रल केली. तिनं सांगितलं व्हतं, तरी केली. मघाशी तुमच्याशी खोटं बोललो."



"मग भाऊ, बदलायचं काय?" शेठचा आवाज कोरडा होता. "गाडी की ड्रायव्हर?"

"शेठ, गाडी माझ्यासारखीच जुनी," नवनाथ म्हणाला. "तिला बदलायला तुम्ही महिना दिला. मला एक दिवस द्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि शेठ दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला, "तुम्ही उद्या संध्याकाळी या." नंतर फोनवर, "सकाळी सहाला माल भरून ठेवतो. तोच घाट. आता सावकाश या."

नवनाथनं डोळे पुसले आणि गाडी चालू केली. पुढं गिरणाऱ्याकडचा उतार लागला. डावा हात बटणाकडे निघालाच होता. त्यानं तो मांडीखाली घातला आणि त्यावर दाबून बसला. पार खाली पोचेपर्यंत तसाच बसून होता. मग भीत भीत आकड्याकडे पाहिलं. वीस झाले होते.