पंगतीतून उठलेली पितळी

मी एक जुनी पितळी आहे आणि माझ्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आहे. मित्रांनो, गोड गोड बोलून तुमचं स्वागत करायला मला जमणार नाही. वाशीमकडच्या मालेगावच्या वेशीबाहेर एका मळ्यात पेरूच्या झाडाला मी सुतळीनं टांगलेली असते. वारा सुटला की खोडावरच्या खिळ्यावर आपटते आणि फळांवर बसलेले पोपट उडवते. माझी हकिगत ऐकायची असेल तर बसा खाली. खायला मात्र काही मिळणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

उंच काठाचं पितळेचं ताट म्हणजे पितळी. वरण ओता, भाकर कुस्करा, थेंब बाहेर जात नाही. वाशीमच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. गोजराबाईच्या लग्नात तिच्या बापानं आंदणात चार पितळ्या दिल्या, आणि चौघींच्या काठावर बारीक टिंबांनी तिचं नाव कोरून दिलं. चौघींत मी सगळ्यात मोठी. म्हणून मी पाहुण्यांची ठरले. घरचं माणूस माझ्यात कधीच जेवलं नाही.

खरं सांगते, तेव्हा मला भारी गर्व होता. दरसाल कल्हईवाला यायचा, भाता फुंकायचा, आणि मी आरशासारखी होऊन घरात यायची. बाकीच्या तिघी चुलीजवळ पडलेल्या असत, मी फडताळात उभी.

गोजराबाईचा नवरा पुंजाजी माळी. विहीर, मोट, दोन बैल, एक तांबडा आणि एक ढवळा, आणि चार वाफे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची. बाजारात त्याच्या वांग्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. स्वभावानं मोकळा माणूस. मळ्यात आलेला कोणी जेवल्याशिवाय परत गेला नाही. आणि त्याचा एक नेम होता. पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं नाही. स्वतः शेजारी बसायचं, पाहुण्याच्या आधी घास घ्यायचा नाही, पाहुण्याच्या आधी हात धुवायचा नाही. हा नेम मलाही फार आवडायचा. पुढं ह्याच नेमानं त्याचा गळा धरला.

एका साली पेरणीच्या दिवसांत पुंजाजी मोट हाकता हाकता अर्ध्या धावेवर मटकन बसला. छातीत धडधड, श्वास पुरेना. महिन्याभरात पाय असे सुजले की वहाणा चढेनात. गाव काय, बोलायला मोकळंच. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं करणी केली. पहिल्या वर्षाचा सगळा पैसा कोंबड्यांत, नारळांत आणि काढ्यांत गेला. सूज होती तिथंच होती.

मग त्याला बैलबंडीत घालून वाशीमला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "ह्याचं हृदय थकलंय. अंगात पाणी साठतं. हे औषध रोज घ्यायचं, आणि मीठ बंद. औषध चार आण्याचं काम करील, मीठ सोडलं तर बाकीचं बारा आण्याचं."

"किती दिवस बंद?" गोजराबाईनं विचारलं.

"जगायचं असेल तितके दिवस."

हे तिनं घरी येऊन भांडी घासता घासता शेजारणीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. औषधाच्या बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एका खाचेएवढं औषध म्हणजे एक वेळ. बाटली संपली की पुन्हा वाशीम, पुन्हा बंडी, पुन्हा पैसे. हे दुखणं आठ दिवसांचं नव्हतं, जन्माचं होतं.

गोजराबाईनं मीठ तोडलं. पुंजाजी अळणी वरण तोंडात धरून बसायचा, गिळायचा नाही. ती समोरून हलायची नाही. तीन आठवड्यांत वहाणा पायात जायला लागल्या. तो वाफ्यापर्यंत चालत जाऊन मेथीच्या जुड्या बांधायला लागला. घर सावरणार असं मला वाटलं.

आणि मग भेटणारे सुरू झाले.

आजाऱ्याला भेटायला जावं, ही चांगली रीत आहे. नाही कोण म्हणतं? पण आठ दिवसांचं दुखणं असतं तर आठ माणसं येऊन गेली असती. हे वर्षानुवर्षांचं. मेडशीहून आले, केनवडहून आले, कुठून कुठून आले. बाजाराला आलं की पुंजाजीकडं डोकावायचं, असा पायंडा पडला. यायचं, बाजेवर टेकायचं, "लय वाळले भाऊ तुमी" म्हणायचं, आणि उन्हं चढली की चुलीकडं नजर लावायची. मग फडताळातून मी बाहेर. पुंजाजी शेजारी पाटावर.

आता गोजराबाईची अडचण ऐका. एका पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. आपल्याकडं ते पाप समजतात. पाहुण्याला मिठाची भाजी आणि शेजारच्या धन्याला अळणी, हे तिच्या हातून होईना, आणि पुंजाजी होऊ देईना. मग एकदा तिनं दोघांनाही अळणीच वाढलं. त्या दिवशी पाहुणा होता मेडशीचा भगवंतराव, पुंजाजीचा आतेभाऊ. त्यानं एक घास खाल्ला आणि मला पुढं सरकवलं.

"वयनी, आमी सुतकात जेवाले आलो काय?"

पुंजाजीची मान खाली गेली. तो भिंतीला धरून उठला, स्वतः मिठाचं गाडगं घेऊन आला, आधी पाहुण्याच्या भाजीत घातलं आणि मग स्वतःच्या. वर लोणचं मागितलं. गोजराबाई पदराचं टोक चावत उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पाय सुजले. पाचव्या दिवशी बंडी वाशीमला. डॉक्टर ओरडला, सुई टोचली, पैसे घेतले. भगवंतराव तोवर मेडशीला पोचून ढेकर देत असेल. असं एकदा नाही, दहादा झालं. भेटणारा पोटभर जेवायचा, पुंजाजी मीठ खायचा, आणि त्याचं मोल वाशीमला मोजावं लागायचं. दुखण्यानं त्या घराचं जेवढं खाल्लं, त्याच्या दुप्पट भेटणाऱ्यांनी खाल्लं. मी मधे होते, मला विचारा.

पैसा आणायचा कुठून? पहिल्यांदा माझ्या धाकट्या बहिणीला कासारानं मोडीच्या भावात नेलं. नाव कोरलेलं होतं, त्याचे काही वेगळे पैसे मिळाले नाहीत. मग दुसरी गेली, तिसरी गेली. मग तांबडा बैल गेला. एका बैलावर मोट चालत नाही. अर्धे वाफे कोरडे पडले, वांगी करपली. मला मात्र कोणी हात लावला नाही. का? तर पाहुणा आला तर वाढायचं कशात. बहिणी औषधापायी गेल्या आणि मी दुखणं आणणाऱ्यांपायी राहिले. तेव्हापासून मला माझ्याच काठावरच्या नावाची लाज वाटायला लागली.

कल्हईला पैसे नव्हते. माझं अंग काळवंडलं, आंबट पडलं की हिरवं व्हायचं. त्यावरही पाहुण्यांची तक्रार. एकानं ताक पिऊन तोंड वाकडं केलं, "कळकलं वो बाई, कल्हई काहून नाई करत?" मित्रांनो, मला जीभ असती तर त्या दिवशी ती चालवली असती.

सगळेच असे नव्हते. शेजारच्या मळ्यात धरमसिंग नावाचा माणूस होता. तो कधी बाजेवर बसला नाही. सकाळी कुंपणाजवळ उभा राहून विचारायचा, "कसं हाय पुंजाजीभाऊ?" उत्तर ऐकायचा, आपला एक बैल सोडून ढवळ्याच्या जोडीला जुंपायचा, दोन वाफे भिजतील एवढ्या मोटा ओढायचा आणि बैल घेऊन निघून जायचा. गोजराबाईनं पाणी पुढं केलं तर म्हणायचा, "घरून पिऊन आलो." चार वर्षांत त्यानं मला बोटसुद्धा लावलं नाही. मला वापरलं नाही म्हणून मी ज्याचे उपकार मानते, असा तो एकटा.

मग एकदा वाशीमहून बंडी परत आली आणि गोजराबाई उतरली ती दगडासारखी. डॉक्टरनं ह्या खेपेला ओरडा केला नव्हता. हळू आवाजात सांगितलं होतं, "आता पुन्हा मीठ खाऊन सूज आणली, तर मला काही करता येणार नाही."

आणि तिसऱ्याच दिवशी केनवडचा मारोतराव दारात. हा पुंजाजीचा व्याही. लेक आवडाबाई त्याच्या घरी दिलेली. बरोबर आणखी दोन माणसं. लेकीच्या सासऱ्याला दुखवणं म्हणजे लेकीच्या पाठीत काठी घालणं, हे गोजराबाईला कोणी शिकवायला नको होतं. तिनं निमूटपणे स्वयंपाक केला. उसने पाट आणले. मारोतरावापुढं मला मांडलं, बाकीच्यांना पत्रावळी. पुंजाजी खांबाला धरत येऊन पाटावर बसला. त्याचा चेहरा उजळला होता. इतकी मोठी पंगत बऱ्याच दिवसांनी बसत होती.

"भाजीत मीठ घातलं ना?" त्यानं विचारलं.

"घातलं," ती म्हणाली.

तिच्या हातात वरणाचं भांडं होतं. ती माझ्यावर वाकली, आणि वाढलं नाही. भांडं खाली ठेवलं, मला उचललं आणि अंगणात गेली. खुंट्याजवळ पहार पडली होती. मला दगडावर पालथं घातलं आणि पहार मारली. एक घाव, दुसरा घाव, तिसऱ्याला मी फुटले. फार दुखलं. पण सांगते, तांबटानं घडवलं तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती आत आली आणि मला मारोतरावापुढं परत ठेवलं. भोकातून खालचं सारवण दिसत होतं.

"इवाई," ती म्हणाली, "पाहुण्याची पितळी एकच राह्यली व्हती, तिले भोक पडलं. आता ह्या घरात पंगत होत नाई."

मारोतरावानं मला बोटानं बाजूला सारलं. मग म्हणाला, "पितळी नाई तं पत्रावळीवर वाढा. आमाले चालते."

"पत्रावळीवर हे मेल्यावर वाढीन. तवा या. पोटभर जेवा. मीठ कमी पडू देणार नाई."

पुंजाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. गोजराबाईनं शिजवलेलं सगळं, भाकरी, भाजी, ठेचा, एका धडप्यात बांधलं आणि पुढं ठेवलं. "उपाशी नाई धाडत. वाटेनं विहिरीवर बसून खा." मारोतरावानं शिदोरीला हात लावला नाही. तो जोडा पायात सरकवून निघाला. मागच्या दोघांपैकी एकानं मात्र ती उचलून काखेत मारली.

ह्याची किंमत द्यावी लागली, मित्रांनो, फुकट काही झालं नाही. दोन दिवाळ्या आवडाबाईला माहेरी पाठवलं नाही. गावानं गोजराबाईला कजाग म्हटलं, नवऱ्याची इज्जत घालवली म्हटलं. आणि पुंजाजी आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. पण पंगतच नाही म्हटल्यावर जेवणार कोणाबरोबर? भिंतीकडं तोंड करून अळणी गिळायचा. सूज आली नाही. नवव्या दिवशी वहाणा घालून अंगणात आला, मला उचललं, भोकातून एक डोळा लावून उजेडात पाहिलं.

"लहान भोक पाडलं असतं तं कल्हईवाल्यानं बुजवलं असतं," तो म्हणाला.

"म्हणून तं मोठं पाडलं," ती म्हणाली.

तो हसला. मग त्यानंच त्या भोकातून सुतळी ओवली आणि मला पेरूला टांगलं. "पोपटं तरी उडतीन," म्हणाला.

त्यानंतर पुंजाजी चार वर्षं जगला. बाटली चालूच होती, वाशीम चालूच होतं, पण वर्षाकाठी दोनदा, महिन्याकाठी नाही. ढवळा बैल राहिला. तांबडा परत आला नाही, बहिणीही आल्या नाहीत. पण चारांतले दोन वाफे हिरवे राहिले, आणि बसल्या बसल्या जुड्या बांधणारा तिचा माणूस तिच्या डोळ्यांपुढं राहिला.

तो गेला त्याच्या तेराव्या दिवशी सगळे आले. भगवंतराव आला, मारोतराव आवडाबाईला घेऊन आला, चार वर्षं जे फिरकले नव्हते ते सगळे आले. माझ्या झाडाखाली पत्रावळी मांडल्या. धरमसिंग विहिरीवरून पाणी आणून देत होता. गोजराबाईनं शब्द दिला होता तसं स्वतःच्या हातानं वाढलं. भाजी खारट झाली होती. मारोतरावानं पहिला घास घेतला, तिच्याकडं पाहिलं आणि दुसरा घास घेतला.

मित्रांनो, मी फुटकं भांडं, मला उपदेश कुठला येतो. पण कोणाच्या घरी जन्माचं दुखणं असेल तर भेटायला जरूर जा. घरून जेवून जा. त्याच्या पथ्याच्या आड येऊ नका. जमलं तर दोन मोटा पाणी ओढा आणि वेळेवर उठा. मी नुसती वाजले तरी पोपट उठून जातात. तुम्हाला तर कान आहेत.