एका लेपाचा कलप

पीरमहंमद कल्हईवाल्याची दाढी काळीभोर होती असं सगळं संगमनेर समजत होतं. ती काळी नाही, हे फक्त त्याच्या घरात ठाऊक होतं.

शरिफा त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान. लग्न जमवणाऱ्यानं त्याचं वय चोरून सांगितलं होतं. निकाह झाल्यावर दोन-तीन वर्षांतच दाढी पांढरी व्हायला लागली. दुसरी एखादी बाई माहेरी जाऊन रडली असती. शरिफा रडली नाही. तिचं माहेर राजूरला, अकोले गावाच्या पुढं. तिथं कोणी "पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली" असं म्हणू नये म्हणून तिनं मुकाट्यानं मेंदी भिजवली. मेंदीचा लेप लावून एरंडाचं पान बांधायची. तो धुतला की दाढी विटकरीसारखी लाल व्हायची. मग कसल्यातरी वाळल्या पाल्याचा दुसरा लेप. तोही धुतला की दाढी काळी. पीरमहंमद दार लावून, डोळे मिटून बसून राही. पाला कोणता, कुठून आणते, किती वेळ ठेवते, हे त्यानं एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. बायको करते आहे, तर नवऱ्यानं विचारायचं काय?

त्या पावसाळ्यात शरिफा तापानं गेली. माती द्यायला तिचा थोरला भाऊ नूरुद्दीन राजूरहून आला होता. जाताना तो शरिफाच्या लहानग्या लेकीला, बानूला, बरोबर घेऊन गेला. "पोरीला आता तुमी कसं बघनार? चाळिसाव्याला या. बसून ठरवू," एवढंच तो म्हणाला.

बानूवाचून घर खायला उठे. त्यात धंदाही बसलेला. लढाईमुळं कथील मिळेनासं झालं होतं, आणि कथिलाशिवाय कल्हई कसली? दिवसभर थंड भट्टीपुढं बसून पीरमहंमद एकच विचार करी. चाळिसाव्याला जायचं आणि पोरीला घेऊन यायचं. गावाकडची विधवा बहीण येऊन राहायला तयार होती. सगळं जमण्यासारखं होतं. अडचण होती ती दाढीची. शरिफा आजारी पडल्यापासून कलप झाला नव्हता. मातीच्या दिवशी फारसं कळलं नव्हतं, पण आता टोकं काळी राहिली होती, बुडं पांढरीफेक झाली होती आणि गावात तो तोंडाभोवती रुमाल गुंडाळून फिरत होता. हे नूरुद्दीननं पाहिलं तर तो म्हणेल, हा तर म्हातारा, हा आज आहे उद्या नाही, ह्याच्या हाती पोर कशी द्यायची? आणि शरिफानं जन्मभर जे झाकलं, ते तिच्याच चाळिसाव्याला तिच्या माहेरी उघडं पाडायचं?

नेहमीच्या न्हाव्याकडं जायची सोय नव्हती. तो घरोघर जाणारा माणूस, एका घरातलं दुसऱ्या घरात पोचवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. पेठेतल्या मोठ्या सलूनचा खर्च झेपणारा नव्हता. मोटारस्टँडजवळ भिमाजी नावाच्या माणसानं नवं सलून काढलं होतं. पत्र्याची टपरी, खोक्यावर ठोकलेली खुर्ची आणि कोपऱ्यात तडकलेला आरसा. येणारी-जाणारी परगावची माणसं तिथं बसत. कोणाला कोणाची ओळख नाही. पीरमहंमद राजूरला जायच्या दिवशी सकाळीच तिथं जाऊन बसला.

"या चाचा. कटिंग का दाढी?"

"कलप," पीरमहंमद हळूच म्हणाला.

भिमाजीचे दात दिसले. "आस्सं! पोरगी बघायला निघालाय जनू."

"माझी पोर आनायला निघालोय."

"व्हय की! कुनाची ना कुनाची पोरच आनत्यात समदे." भिमाजी आपल्याच बोलण्यावर हसला आणि त्यानं फडकं झटकून पीरमहंमदच्या गळ्याभोवती बांधलं.

"बाटलीतला हाय का?"

"बाटली कुठली आता? ती यायची जर्मनीहून. जर्मनीवाले आता दुसरंच कायबाय पाठवत्यात, आन् ते डोक्यावर पडतंय! आमची घरची पावडर हाय. मुंबईला माझी खुर्ची हुती ना, तवा एका हकिमानं शिकवली."

डब्यातली हिरवट भुकटी त्यानं वाटीत ओतली आणि पाणी घालून बोटानं कालवली. वास ओळखीचा होता. पीरमहंमदला बरं वाटलं. हाच तो पाला. पण लाल काही दिसेना.

"ह्याच्याआधी मेंदी लावायची आसती ना? घरी दोनदा लावायचे."

"दोनदा बायका लावत्यात चाचा. त्यांना काय, दीसभर घरातच बसायचं. हितं मोटारी सुटायच्या आसत्यात. आपलं काम एका लेपात."

पीरमहंमदकडंही अशी गिऱ्हाइकं येत. "घासत बसू नका मियाँ, तसंच कथील फिरवा," असं म्हणत. तो त्यांचं भांडं उचलून परत हातात देई. न घासलेल्या भांड्यावर कल्हई धरत नाही, हे त्याला कळत होतं. पण इथं खुर्चीवर तो बसला होता, बाहेर ड्रायव्हर मोटारीमागच्या भट्टीत कोळसे भरत होता, आणि दुसरीकडं जायला ना वेळ होता ना ऐपत.

"ही टोकं काढतो," भिमाजी म्हणाला. "बुडं पांढरी, टोकं काळी. बकऱ्याची दाढी बरी. काढली म्हंजे रंग सारखा बसंल."

कात्री चालली. काळे केस फडक्यावर पडले, फडक्यावरून जमिनीवर. शरिफानं शेवटचा लावलेला रंग तेवढ्या टोकांवरच उरला होता. ते पीरमहंमदच्या ध्यानात आलं तेव्हा भिमाजीनं पायानं केस बाजूला सारले होते.

लेप थोडाच वेळ ठेवला आणि घाईनं धुतला. टपरीतल्या अंधारात, तडकलेल्या आरशात, ओली दाढी काळी दिसली.

"जवान झाला की चाचा!" भिमाजी म्हणाला.

लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली होती. चढ लागला की मोटार धापा टाकी आणि उतारू खाली उतरून ढकलत. उन्हानं आणि वाऱ्यानं दाढी वाळली. समोरच्या बाकावरचे लोक त्याच्याकडं बघत, मग एकमेकांकडं बघत. एका बाईनं तोंडाला पदर लावला. आपल्या तोंडावर कोळशाची काजळी बसली असेल असं समजून पीरमहंमदनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

राजूरला नूरुद्दीनच्या अंगणात माणसं जमली होती. आत कुराण वाचणं चाललं होतं. पीरमहंमद आला तशा सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. नूरुद्दीन पुढं झाला, त्यानं सलाम घेतला आणि त्याची नजर दाढीवर खिळली.

"हात-तोंड धुवा," तो म्हणाला.

पीरमहंमद वजू करायला बसला. तोंडावर पाणी घेतलं तसे निळे ओघळ गळ्यावरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरले. त्यानं दचकून तांब्यात पाहिलं. भर उन्हात, त्या पाण्यात, त्याला आपली दाढी दिसली. ती काळी नव्हती आणि पांढरीही नव्हती. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की जो हिरवा कळंक चढतो, तो तिचा रंग होता. असली भांडी उभ्या जन्मात त्यानं हजारांनी घासली होती.

दाराआडून नूरुद्दीनची बायको शमशाद बोलली. आवाज मुद्दामच मोठा होता. "कथील मिळंना म्हून ह्यांनी आपल्या सोताच्याच तोंडाला कल्हई केली वाटतं."

कोणीतरी हसलं. कोणीतरी खाकरून हसू दाबलं.

फातिहा झाली, जेवणं उठली. बाहेरची माणसं गेल्यावर नूरुद्दीन, त्याची म्हातारी आई आणि पीरमहंमद ओसरीवर बसले. शमशाद दाराशी उभी राहिली. बानू आतून एकदा डोकावली, बापाकडं बघून हसली आणि परत पळाली. ती हसली एवढ्यानंच पीरमहंमदला धीर आला.

"दुल्हेभाई," नूरुद्दीननं सुरुवात केली, "दुसरं लगीन करू नका आसं आमी म्हननार न्हाई. तुमाला धर्माची मनाई न्हाई, आमची कशी आसंल? पर मानसानं चाळिसावा तरी हुऊ द्यावा."

"लगीन? कुनाचं लगीन?"

"मग ही दाढी कशापायी रंगवली? भांडी भुलत्यात व्हय दाढीला?"

म्हातारी त्याच्याकडं न बघता बोलायला लागली.

"मी शेजारनींना सांगून ठेवलं हुतं. म्हनलं, जावई येईल तवा बघा, दाढी पांढरी झाली आसंल. माझ्या लेकीच्या दुःखानं पिकला आसंल. लई जीव हुता त्याचा तिच्यावर. आन् आला तर हा आसा. नवरदेव हुऊन."

हे ऐकून पीरमहंमदचा जीव आतल्या आत जळाला. आहे तसा आला असता, तर ह्याच म्हातारीनं त्याला जवळ घेतलं असतं. ज्या पांढऱ्या केसांची तो वर्षानुवर्षं लाज धरून बसला होता, त्यांनीच आज त्याचं काम केलं असतं. ते केस त्यानं स्वतःच्या पायानं चालत जाऊन, पदरचे पैसे देऊन बुडवले होते.

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. तो म्हणाला, "अम्मा, दाढी माझी पांढरीच हाय. आजची न्हाई, लई वर्सांची. शरिफा कलप लावायची. आधी मेंदी, मग पाला. तिला वाटायचं, तुमी मला म्हातारा म्हनाल, तिला वाईट वाटंल. आता लावनारी न्हाई म्हून आज न्हाव्याकडं गेलो. त्यानं नास केला."

म्हातारीनं मान वर केली. "माझी लेक? मला न सांगता?"

"तुमाला न सांगताच."

"दर ईदीला माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपायची ती. समदं सांगायची मला."

"हे सोडून समदं सांगितलं आसंल, अम्मा."

"वा!" शमशाद दारातून म्हणाली. "मेलेलं मानूस उठून न्हाई म्हनत न्हाई. घाला तिच्यावर!"

नूरुद्दीननं हातानं बायकोला गप्प केलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं बानूला हाक मारली. ती आली आणि आजीच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"बानू, मामूला खरं सांगायचं. तुझी अम्मी अब्बांच्या दाढीला काय लावायची का? मेंदी, पाला, काय बी?"

पीरमहंमदनं सुटकेचा श्वास सोडला. पोरीनं सगळं पाहिलं होतं. मेंदीची वाटी तीच धरायची. कोणी दार वाजवलं की शरिफा भरल्या हातांनी तिला जवळ ओढायची आणि कानात सांगायची, "कुनाला बोलायचं न्हाई. मामूला न्हाई, नानीला बी न्हाई." आणि ही शहाण्यासारखी मान हलवायची.

बानूनं बापाकडं पाहिलं. मग ती ताठ उभी राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. "अब्बांची दाढी काळीच हाय."

म्हातारी पदरानं डोळे पुसत उठली आणि आत निघून गेली.

पीरमहंमदचं तोंड उघडलं होतं. "बेटा, सांग आता, चालतंय," एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण आईला जाऊन चाळीसच दिवस झालेले, आणि आईचा शब्द पोरीनं एवढ्या मोठ्या माणसांसमोर सांभाळलेला. तो तिच्याकडून मोडून घ्यायचा, तेही आपण? आणि त्याच्या म्हणण्यावर तिनं बोलणं फिरवलं असतं तर शमशाद म्हणाली असती की बापानं पढवली. त्यानं तोंड मिटलं.

"आता काय म्हनता?" नूरुद्दीननं विचारलं.

"पोर म्हनती तसंच आसंल."

"मग पोर हितं राहील. सावत्र आईच्या हाताखाली मी तिला धाडनार न्हाई. तुमी येत-जात ऱ्हा. दार तुमाला बंद न्हाई."

पीरमहंमदनं मान हलवली. बहीण येऊन राहायला तयार आहे हे सांगूनही आता कोणाला पटलं नसतं; भांडायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. तसली दाढी घेऊन माणूस भांडला तर लोक आणखीच हसतात.

तो अंगणात आला. बानू मागून धावत आली आणि तिनं त्याचा हात धरला. निळे डाग पडलेल्या सदऱ्याकडं तिनं बघितलंही नाही. पायांच्या चवड्यांवर उभी राहून ती त्याच्या कानाशी लागली.

"मी न्हाई सांगितलं, अब्बा."

"शाब्बास," पीरमहंमद म्हणाला.

"नानीनं बी इचारलं हुतं त्या दिवशी, अब्बा किती वर्सांचे हायेत म्हून. तवा बी न्हाई सांगितलं."

"गुनाची हायेस."

"आता घरी जायचं ना?" ती म्हणाली. "माझं बोचकं बांधलेलं हाय. आनते." आणि उत्तराची वाट न बघता ती घरात पळाली.

आतून तिच्या पायांचा आवाज येत होता. नूरुद्दीन ओसरीवरून बघत होता. पीरमहंमदनं टोपी सारखी केली आणि बानू बाहेर यायच्या आत तो अंगणातून निघाला. मोटार सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी तो भराभरा चालत राहिला.