माझ्या गळ्यातलं दावं

मित्रांनो, मी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका वस्तीवरचा म्हातारा संकरित बैल आहे. आजही कुणी अनोळखी माणूस जवळ आला, की मी दावं ताणून मागं सरकतो. असं का, ते सांगतो.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी जन्मलो. आई आमच्या भागातली देवणी जातीची गाय, पांढरी, काळ्या ठिपक्यांची. बाप मी पाहिला नाही. तो विलायती जर्सी वळू होता आणि त्याचं नुसतं बीज जनावरांच्या डॉक्टरांच्या नळीतून आलं होतं. माझे मालक साहेबराव आणि त्यांची बायको सरजाबाई यांना भरपूर दूध देणारी कालवड हवी होती. झालो मी गोऱ्हा! नर झाला तर त्याचं काय करायचं, याचा विचार कुणीच केला नव्हता.

दोन वेगळी रक्तं एकत्र आली, की पहिल्या पिढीला चांगलाच जोम येतो. मी बघता बघता वाढलो. आधी जन्मलेला माझा देवणी भाऊ चंद्र्या माझ्या शेजारी लहान दिसू लागला. पोळ्याला सारी वस्ती मला बघायला आली. मीही जरा जास्तच ऐटीत चाललो.

मग दुष्काळ पडला. लांबच्या विहिरीवरून पाण्याची टिपाडं आणायला आम्हा दोघांना गाडीला जुंपलं. बैलाच्या वशिंडाला जू अडतं. माझी पाठ पडली बापासारखी सपाट, त्यामुळे जू सारखं मागं सरकायचं. त्यात चंद्र्याला ऊन सोसतं म्हणून साहेबराव गाडी भर दुपारी जुंपायचे. माझ्यात बापाचं थंड मुलखातलं रक्त; मी फेस गाळत वाटेतच बसायचो.

"एवढं धिप्पाड जनावर, अन् निस्तं खायला काळ!" साहेबराव वैतागून म्हणाले. "दोघांपुरता कडबा न्हाई. ह्याला बाजार दाखवू."

बाजारात शेतकरी माझी पाठ बघायचे आणि पुढं जायचे. शेवटी एकजण आला. त्यानं ना खूर पाहिले, ना दात. त्यानं फक्त माझी मांडी दाबली आणि समाधानानं मान हलवली. तो माझं मांस जोखत होता. ज्या अंगाचं कौतुक झालं, तेच माझ्या मुळावर आलं होतं.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो. साहेबराव माझ्या गळ्यातली गाठ सोडू लागले. तेवढ्यात बाजाराला सोबत आलेल्या सरजाबाईनं त्या माणसाला विचारलं, "दादा, कामाला नेतूस का?"

"वशिंड न्हाई, काम कशाचं?"

तिनं गाठीवर हात ठेवला. "आवं, राहू द्या. आपल्या हौसंपायी जन्मलंय हे. त्यानं सांगितलं हुतं का, मला असं करा म्हणून?"

साहेबरावांनी त्या माणसाला हातानंच नको म्हणून खुणावलं. मग त्यांनी गाठ पुन्हा आवळली.

घरी सरजाबाईनं जुन्या वाकळीची जाड उशी शिवून जुवाखाली बांधली. गाडी पहाटे जुंपू लागले. गारव्यात मी असा ओढायचो, की चंद्र्याची धांदल उडायची.

आता चंद्र्या नाही. सरजाबाईही गेली. मित्रांनो, जास्त दुधाची जनावरं खुशाल घडवा, पण त्यांच्यासाठी सावली आधी करा आणि नर झाला तर काय, हेही आधीच ठरवा. यंदा पाऊस पुन्हा लांबलाय, कडब्याची गंज खाली बसत चाललीय. साहेबराव गोठ्यात आले, की मी पहिल्यांदा त्यांचे हात बघतो. वैरण असली तर जिवात जीव येतो. हात रिकामे असले, तर मी मान खाली घालून गळ्यातली गाठ लपवतो.