धापेवरचा थांबा

लाल बस मोनालीच्या घरावरून रोज जायची आणि थांबायची मात्र नाही.

जायची तीही अशी, की खिडकीतल्या बाईनं कोणती साडी नेसलीय ते अंगणातून दिसावं. खापरघाटाच्या मधल्या वळणावर बस इतकी हळू व्हायची की वस्तीतली कुत्री तिच्या बरोबरीनं चालायची. पण दार बंद ते बंदच. बस पकडायची तर उरलेला घाट चढून वरच्या गावात जायचं, तिथं आत शिरायचं, आणि मग त्याच बसनं, त्याच वळणावरून, स्वतःच्याच घराला टाटा करत भोकरदनला उतरायचं! दहावीच्या परीक्षेला मोनालीनं हे करून बघितलं होतं. पेपर सुरू व्हायच्या आधीच तिचा पूर्ण ड्रेस घामानं भिजलेला असायचा.

आता अकरावी होती. सायन्स. कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं, आणि पप्पांनी एकदाच काय ते सांगून टाकलं होतं, "बस वळणावर थांबली तर भोकरदन. न्हाई थांबली तर आष्टीला मावशीकडं राहायचं अन् आर्ट्स घ्यायचं. पाऊसपाण्यात त्या चढावर दगडं घसरतात. रोज एकटीनं जायचं न्हाई."

आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आणि मावशी म्हणजे टीव्हीचा रिमोट उशीखाली घेऊन झोपणारी बाई. मोनालीला नुसता विचार आला तरी ती उभी राहायची. उभी राहिली की अंगण झाडायची. झाडून झालं की रस्त्यापर्यंत जाऊन यायची.

"पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या?" तिची आई बेबीनंदा ओरडायची. "बस की एका जागी!"

"बस थांबली की बसते," मोनाली म्हणायची.

तसं काम होत आलं होतं. डेपोतून निरोप आला होता, की शुक्रवारी साहेब स्वतः बसमधून येऊन वळण बघतील. थांबा द्यायला हरकत नाही. फक्त थांब्याला नाव पाहिजे, आणि तेही एकच. तिकिटाच्या मशीनमध्ये नाव चढल्याशिवाय तिकीट निघत नाही आणि पासही निघत नाही. मुलींना पास फुकट होता. नाव तेवढं नव्हतं.

'नावच द्यायचंय, त्यात काय मोठंसं!' असं मोनालीला वाटलं. इथं ती फसली.

बुधवारी संध्याकाळी राधेश्यामशेठच्या दुकानासमोर सगळे जमले. वळणावरचं ते एकुलतं एक दुकान. साखर, सरकी, सिमेंट, मोबाइलचं रिचार्ज, काय म्हणाल ते तिथं मिळायचं. शेठचे आजोबा राजस्थानातून आले आणि या डोंगरातच रुजले. शेठनं काउंटरवरून हात पुसत सुरुवात केली.

"नाव तर बनेल हाय. सगळी दुनिया म्हणती, मारवाड्याचं वळण. ट्रकवाले म्हणतात, बँकवाले म्हणतात. बदलायची गरजच काय?"

वरच्या गावचा शिवाजीअण्णा दुकानाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याचं शेत वळणाच्या खाली होतं. तो म्हणाला, "शेठ, तुमच्या आज्यानं दुकान टाकायच्या आधीपासून म्हसोबा हितं बसेल हाय. म्हसोबाचं वळण लिहा."

"म्हसोबाला बसनं जायचंय का?" मागून पलक म्हणाली. पलक शेठची नात आणि मोनालीची जिवाभावाची मैत्रीण. सगळे हसले, अण्णा सोडून.

मग मोनालीचे पप्पा उठले. संपत गवंडी म्हणून घाटाच्या वर-खाली सगळे त्यांना ओळखत. निम्म्या गावाच्या भिंती त्यांच्याच हातच्या.

"प्रज्ञानगर," ते म्हणाले. एवढंच.

"आता हे कुठं आलं?" अण्णानं विचारलं.

"तुमच्या पाठीमागं. वळून बघा."

मागे वस्तीच्या तोंडाशी सिमेंटचा खांब होता. त्याच्यावर निळ्या अक्षरांत नाव होतं. खांब पप्पांनी स्वतः उभा केला होता, अक्षरंही त्यांचीच. दुकानाच्या पायरीवरून तो सरळ दिसायचा. अण्णा काही वळला नाही.

त्यानंतर जो गलका झाला, त्यात कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही. चहा दोनदा झाला आणि नाव एकही ठरलं नाही. लोक पांगले तेव्हा पायरीवर मोनाली आणि पलक दोघीच उरल्या.

"तुझ्या पप्पांनी थोडं ऐकलं असतं तर आज झालं असतं," पलक म्हणाली.

"अन् तुझ्या दादाजींनी?"

"अगं, नाव कुणाचं का असेना! बस तर थांबेल ना?"

"मंग प्रज्ञानगर ठेवा की. तरी थांबल."

पलकनं चिप्सचं रिकामं पाकीट चुरगाळलं. मग म्हणाली, "मला तर रजतभैया बाइकवर सोडेल. मी तुझ्यासाठीच बोलून राह्यले."

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणूनच ते असं लागलं, की मोनाली उठून चप्पल हातात घेऊनच घरी गेली.

पप्पा मोरीपाशी थापी धूत होते.

"पप्पा, नावाचं काय एवढं? सोमवार येऊन राह्यला ना."

पप्पांनी थापी उलटी केली, नखानं तिच्यावरचं वाळलेलं सिमेंट काढत राहिले. "आपल्या वस्तीला आजवर जेवढी नावं पडली ना, ती दुसऱ्यांनी पाडेल हायेत. काही तर तुझ्यासमोर घेताबी येत न्हाईत. हे एक आपण ठेवलं." मग नळ बंद करून म्हणाले, "एकच."

मोनालीला जेवण गेलं नाही. पप्पा बरोबर होते. आणि सोमवारही बरोबर होता, तो काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

गुरुवारी तिनं आईची पाठ सोडली नाही. उगाचच, घरात बसवत नव्हतं म्हणून. आई शिवाजीअण्णाच्या शेतात खुरपायला गेली, तर ही पण गेली. दुपार कलल्यावर बायका घराकडे निघाल्या. अण्णाची बायको उषाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुढं चालली होती. आईचं खुरपं बांधावर राहिलं म्हणून आई मागं वळली आणि ओरडली,

"उषाबाई, धापेवर थांबा हो, आलेच मी!"

मोनाली जागच्या जागी उभी राहिली.

धापेवर! हा शब्द तिनं जन्मापासून ऐकला होता, इतका की कधी ऐकलाच नव्हता. खालून चढ चढून वळणावर आलं की छाती भात्यासारखी चालते, तिथं ओझं टेकवायचं, श्वास घ्यायचा, मग ज्या त्या वाटेनं जायचं. वस्तीतल्या बायका त्याला धाप म्हणायच्या, वरच्या गावातल्या बायका धाप म्हणायच्या. एकाही पुरुषाच्या तोंडी हा शब्द नव्हता. ते बाइकवर येतात. बाइकला धाप लागत नाही.

दुकानाच्या ओट्यावर शेठची आई धापूबाई मूग निवडत बसली होती. बायकांनी तिच्या शेजारीच भारे टेकवले.

"धापूआजी," मोनालीनं विचारलं, "ह्या जागेला धाप काहून म्हणतात?"

"काहून म्हणजे? मेरे नाम से!" म्हातारी ठसक्यात म्हणाली. "धापू इथं बसते, म्हणून धाप."

आईनं उषाबाईला हळूच डोळा मारला.

"आमच्याकडं लडक्या ज्यादा झाल्या की धापू नाव ठेवतात," आजी सांगत राहिली. "म्हणजे पोट भरलं, आता बस. माझं ठेवलं. फिर भी दोन आल्या माझ्यामागून!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोनालीला हसू आलं, पण अर्धंच. तिच्या डोक्यात बसचं दार उघडलं होतं आणि दारात पप्पा उभे होते.

शुक्रवारी बस खरंच थांबली. दोनदा शिंकली, थरथरली आणि थांबली. साहेब उतरले, रुमालानं मान पुसत त्यांनी वळण वर बघितलं, खाली बघितलं. पाठोपाठ तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली कंडक्टर दैवशाला उतरली.

"जागा बराबर आहे," साहेब म्हणाले. "नाव सांगा जल्दी. घाटात गाडी फार उभी करता येत नाही."

"मारवाड्याचं—"

"म्हसोबाचं—"

"प्रज्ञानगर."

तिन्ही नावं एकमेकांवर आदळली. साहेबांनी हात वर केला. "ठरलेलं नाही का? मग ठरवा निवांत. पुढच्या महिन्यात बघू." आणि त्यांनी बसच्या पायरीवर पाय ठेवला.

मोनालीनं पप्पांकडे बघितलं. पप्पा साहेबांच्या बुटाकडे बघत होते. तिचं तोंड आपोआप उघडलं.

"धाप!"

"काय?"

"नाव, साहेब. धाप."

"हे कुठून काढलं हिनं?" शिवाजीअण्णा म्हणाला.

"काढती कशाला?" गर्दीतून उषाबाई पुढं आली. "आम्ही जल्मभर धापच म्हणून राह्यलो. तुम्हाला म्हाईत असायला तुम्ही कवा पायी चढलात?"

अण्णा बायकोकडं बघून म्हसोबाला विसरला. ओट्यावरून धापूबाई हात हलवत होती, "लिखो, लिखो! धापू का धाप!" आईच्या नावापुढं शेठ काय बोलणार? त्यानं नुसती टोपी सारखी केली.

साहेबांनी पप्पांकडे मान वळवली. "तुमचं काय?"

"पोरीनं सांगितलं ना," पप्पा म्हणाले. "लिहा." आणि ते वस्तीकडं चालायला लागले.

दैवशालानं मशीनवर बोटं चालवली. "दोन अक्षरं! लई बेस. तिकिटावर मावतंय तरी."

पलकनं मागून येऊन मोनालीला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या. बायका टाळ्या वाजवत होत्या. मोनालीला वाटलं होतं, बस थांबली की आपण नाचू. ती नाचली नाही. ती पप्पांच्या पाठीकडं बघत राहिली, ते निळ्या खांबापलीकडं दिसेनासे होईपर्यंत.

शनिवार, रविवार पप्पा रागावले नाहीत. चहा मागितला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. फक्त दहावीचा निकाल लागल्यापासून तिला ते 'मॅडम' म्हणायचे, ते म्हणाले नाहीत. तेवढं एकच घरात सारखं ऐकू येत होतं. मोनालीनं सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

"मी चुकले का, मम्मी?"

"मीबी धापच म्हणते की," आई भाकरी थापत म्हणाली. "पण माझ्या जिभेवर दोन नावं मावतात. त्यांचं तसं न्हाई. त्यांनी ते नाव हातानं लिहेल हाय."

सोमवारी ॲडमिशनवर सही करायला पप्पा बरोबर निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. बस वरून उतरत आली. मोनालीनं हात केला आणि ती थांबली! दार उघडलं. ती एका उडीत आत गेली.

"कुठून?" दैवशालानं विचारलं. आत्ता समोर चढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे गंमतच, पण मशीनला विचारल्याशिवाय चालत नाही.

"प्रज्ञानगर," पप्पा म्हणाले.

"दादा, मशीनमध्ये धाप हाय."

"मशीनमध्ये जे हाय ते दाबा. तुम्ही इचारलं म्हून सांगितलं."

मागच्या सीटवरची माणसं माना उंचावून बघायला लागली. गेल्या आठवड्यातली मोनाली असती तर तिनं पप्पांची बाही ओढली असती, 'पप्पा, धाप म्हणा ना!' आज तिनं दांडा घट्ट धरला आणि काही बोलली नाही. तिकीट टरटर करत बाहेर आलं. पप्पांनी ते न वाचता खिशात घातलं आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

पुढच्या सीटवर एक म्हातारी होती. वरच्या गावात लेकीकडं आली होती, आता परत चालली होती. तिनं मागं वळून मोनालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाची गं तू? धापेची का?"

"न्हाई, आजी. संपत गवंड्याची. प्रज्ञानगरची." मोनालीचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. ड्रायव्हरनंही आरशात बघितलं. "धाप नुसता थांबा हाय. गाव प्रज्ञानगर."

"कुठं आलं हे? मी दोनदा गेले-आले ह्या घाटानं, मला तर दिसलं न्हाई."

"आत्ता आम्ही चढलो ना, तिथंच. निळ्या अक्षरांचा खांब हाय मोठा. सिमेंटचा. माझ्या पप्पांनी बांधला. पुढच्या खेपेला येताना डाव्या खिडकीला बसा, म्हंजे—"

"डाव्या न्हाई," पप्पा खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "येताना उजवीकडं येतंय."