बेबी आणि डॉक्टरसाहेब

“आरोग्याच्या बाबतीत दहापैकी नऊ नागरिक तज्ज्ञांवरच विश्वास ठेवतात,” असे आरोग्य खात्याच्या अहवालात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते. विधान देखणे होते. देखण्या विधानांची अडचण एवढीच, की त्यांच्या पाठीमागे जाऊन पाहायचे नसते. हा प्रश्न नागरिकांना विचारला गेला तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या डॉक्टरांकडून, आणि बहुतेक वेळा दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळलेला असताना. अशा अवस्थेत “आमच्यावर विश्वास आहे ना?” असे विचारणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायला जे काळीज लागते, ते ज्याच्यापाशी आहे तो माणूस हृदयरोग विभागात येईलच कशाला? नऊ जण हो म्हणाले. दहावा बहुधा स्वतःच डॉक्टर असावा.

हे सगळे त्याच विभागातल्या एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंना पक्के ठाऊक होते, कारण आकडेमोड त्यांचीच होती. प्रश्न लोकांच्या घरी जाऊन विचारावा, असे त्यांनी खात्याला लेखी कळवलेही होते. ती सूचना अहवालाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत, तळटीप होऊन निमूट बसली होती.

प्रकाशन समारंभात बाईंना तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे जागा मिळाली. मंचावर मधली खुर्ची होती ती एका नटाची. संध्याकाळच्या मालिकेत तो वर्षानुवर्षे हृदयाच्या शस्त्रक्रिया करत आला होता. त्यामुळे लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत, आणि समारंभालाही तो पांढरा कोट घालून आला होता. खात्याचे संचालक माइकसमोर उभे राहून म्हणाले, “जनतेचा तज्ज्ञांवरचा विश्वास आणखी दृढ व्हावा, म्हणून आपण आज खास डॉक्टरसाहेबांना बोलावलं आहे.”

सभागृहात कोणीही हसले नाही. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

बाईही एरवी मनातल्या मनात हसल्या असत्या. पण अहवालाची फीत सोडताना नटाच्या मनगटातले, रक्तदाब उतरवते म्हणून विकले जाणारे चुंबकी कडे चमकले, आणि हसायचे राहूनच गेले. तसलेच कडे त्यांनी त्या सकाळी दुसऱ्या एका मनगटात पाहिले होते. आत्याच्या.

पिकते तिथे विकत नाही, ही म्हण ज्याने रचली त्याच्या घरात नक्कीच कोणीतरी डॉक्टर असावे. बाहेर ज्यांच्या नुसत्या भुवईने वॉर्ड चिडीचूप होई, त्या बाई घरात ‘बेबी’ होत्या. पन्नाशी उंबरठ्यावर आली, पदव्या नावाच्या पाटीत मावेनात, तरी बेबीच. आईमागे त्यांना लहानाचे मोठे केले ते आत्याने, आणि हे बारसेही तिचेच.

“आत्या, गोळी घेतलीस?” समारंभाहून आल्या आल्या बेबीने विचारले.

“कडं घातलंय की.”

“कडं म्हणजे गोळी नव्हे.”

“डॉक्टरसाहेब जाहिरातीत म्हणालेत, गोळ्या म्हणजे शरीराच्या कुबड्या. कडं घाला, कुबड्या टाका.”

“ते डॉक्टर नाहीत गं. नट आहेत.”

“अस्सं? मग परवा त्या धाकट्या सुनेचं हृदय कोणी बदललं? तू?”

“ते खोटं असतं, आत्या!”

“असेल खोटं. पण पेशंट जगला ना? तुझे सगळे जगतात?”

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रापाशी एकच प्रामाणिक उत्तर आहे, आणि प्रामाणिक असल्यामुळेच ते कुचकामी आहे. बेबीने आत्याच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वदवर जाऊन बसला.

“मशीन तुझंच,” आत्या म्हणाली. “तुझीच री ओढणार.”

पण आदल्या दिवशी खुर्चीतून उठताना आत्या भिंत धरून उभी राहिली होती, आणि ते बेबीच्या डोळ्यांपुढून हटत नव्हते. भरल्या घरातून माणूस असा उठतो आणि अर्धे अंग गमावून बसतो, हे तिने फार वेळा पाहिले होते. तिने विनवले, दटावले, शेवटी डोळ्यांत पाणी आणले. आत्या बधली नाही. तिने फक्त तडजोडीचा प्रस्ताव मांडला.

“डॉक्टरसाहेबांनी सांगू दे, आत्ता घेते. एक काय, दोन घेते.”

“एकच घ्यायची असते!”

“बघ. तेही त्यांनाच विचारायला हवं.”

अडला हरी वगैरे जे म्हणतात, त्याचा अर्थ बेबीला दुसऱ्या दिवशी मालिकेच्या सेटवर कळला. दारातच कपडेपटाच्या बाईने तिला आपादमस्तक न्याहाळले.

“पेशंटची आई ना? तिकडे बसा. रडायचा सीन जेवणानंतर आहे.”

“मी डॉक्टर आहे.”

“डॉक्टर भरलेत हो सगळे. आईचंच आहे.”

आत खोटे शस्त्रक्रियागृह लखलखत होते. तिथले सगळे दिवे लागत होते. बेबीच्या खऱ्या विभागातला मोठा दिवा तीन अर्ज करूनही लागला नव्हता. मेकअपच्या खोलीत नट आरशासमोर बसला होता. माणूस मोठा अदबशीर निघाला. तिला बघताच उठून उभा राहिला. कडे टेबलावर काढून ठेवले होते, आणि पावडरच्या डब्याआडून गोळ्यांची एक निळी पट्टी डोकावत होती.

“व्हिटॅमिन,” तिची नजर पाहून तो घाईने म्हणाला.

रक्तदाबाच्या गोळ्यांची ती पट्टी बेबी रोज कितीतरी रुग्णांना, आणि घरी आत्यालाही, लिहून देत असे. आयुष्यात प्रथमच तिने एका धडधडीत चुकीच्या निदानाला मान डोलावली; गरज तिची होती. तिने आत्याची हकिगत सांगितली.

“बोलतो की व्हिडिओ कॉलवर,” नट म्हणाला. “फक्त मला संवाद लिहून द्या. लिहिलेलं नसलं की मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.”

जिचे शोधनिबंध सहा जणांनी वाचले, आणि त्यांतले चार तपासनीस होते, तिने त्या आरशासमोर आयुष्यातला सर्वांत परिणामकारक मजकूर लिहिला: ‘आत्या, गोळी रोज घ्या. बेबीचं ऐका.’

“हे रागावून म्हणू, की कळवळून?”

“नुसतं म्हणा.”

“‘बेबी’च्या आधी जरा थांबू?”

“नको!”

संध्याकाळी फोन वाजला. आत्याने चष्मा पुसला, केसांवरून हात फिरवला आणि हृदयाचा पेशंट जसा बसू नये तशी ताठ बसली. बेबी शेजारी, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी. पडद्यावर पांढरा कोट अवतरला.

“आत्या, गोळी रोज घ्या,” नट म्हणाला. मग थांबलाच. “बेबीचं ऐका.”

आत्याने गोळी तळहातावर घेतली. ती तोंडाशी नेता नेता तिची नजर पडद्यावरच्या मनगटाकडे गेली.

“डॉक्टरसाहेब, तुमचं कडं कुठाय? आणि रक्तदाबावर तुम्ही स्वतः काय घेता हो?”

हा प्रश्न संहितेत नव्हता. नटाची नजर इकडेतिकडे लिहून देणाऱ्याला शोधू लागली. लिहून देणारी इथे, पेला धरून बसली होती. तिनेही उत्तर लिहिले नव्हते. शेवटी त्या माणसाने बहुधा कित्येक वर्षांत प्रथमच स्वतःचे वाक्य उच्चारले.

ते ऐकून आत्याने गोळी गिळली. फोन ठेवला. कडे काढून तिने फ्रिजच्या दाराला लावून पाहिले. ते घट्ट चिकटले. चुंबक तेवढा खरा निघाला. “माणूस भला आहे गं,” ती म्हणाली, “पण औषधातलं त्याला ओ की ठो कळत नाही. उद्याची गोळी कुठे ठेवलीस?”

खात्याने पुढे खरोखरच लोकांच्या घरी जाऊन तोच प्रश्न विचारला, तेव्हा आत्याने ठणकावून सांगितले: तज्ज्ञांवर. अहवालात तिची गणना त्या नऊ जणांमध्ये झाली. हा विश्वास ज्या वाक्याने संपादन केला गेला, ते वाक्य त्या अहवालात तळटीप म्हणूनही छापलेले नाही. म्हणून ते येथे जसेच्या तसे:

“आत्या, मीपण हीच गोळी घेतो, सात वर्षं झाली, माझ्या डॉक्टरीणबाईंनी दिलीय, कडं फक्त जाहिरातीपुरतं आणि समारंभापुरतं, एरवी खाज येते, आणि ती जाहिरात ना, मी नुसती बोललो हो, ऐकली कधीच नाही.”