अकरा भोकांचा दांडा

“ब्रेक पेडलचा दांडा मूळचा. भोकं नऊ, आराखड्याप्रमाणे.” संग्रहालयाच्या तपासनिसाने गाडीतून डोके बाहेर काढले आणि यादीवर खूण केली. “काका, इथे सही करा. मग गाडीचा भाग न् भाग अस्सल आहे, असं प्रमाणपत्र देता येईल.”

म्हाताऱ्या फिटरने चष्मा लावून पेन घेतले. समोर टिटवी उभी होती. इंजिनाच्या कर्कश आवाजावरून कारखान्यातल्यांनीच तिला हे नाव दिले होते. अशा पाचच गाड्या बनल्या, त्यांतली ही एक उरली. मागे बाकावर त्याची वहिनी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. दोघांना फोटोसाठी बोलावले होते, गाडी बांधणारा म्हणून त्याला आणि ती चालवणाऱ्याची बायको म्हणून तिला.

“काकू, चहा सांगू?”

“नको. घरून घेऊनच निघालो.”

पेन कागदावर टेकले, पण पुढे सरकले नाही.

“हा दांडा मूळचा नाही,” फिटर म्हणाला. “मूळच्याला अकरा भोकं होती.”

“आराखड्यात तर नऊ आहेत.”

“माहितीये. दोन मी वाढवली.”

घाटाची शर्यत टिटवीने ओळीने तीन वर्षे जिंकली होती. पहिल्यांदा नऊ सेकंदांनी, मग चार, मग अर्ध्या सेकंदाने. इंजिनातून आणखी ताकद निघेना, तेव्हा वजन उतरवायचे ठरले. सीटची गादी गेली, दारांचा आतला पत्रा गेला, बोल्टसुद्धा पोकळ केले. टिटवी चालवणारा त्याचा दादा रोज संध्याकाळी विचारायचा, “आज किती उतरली?” फिटर म्हणायचा, “आधी तुझं पोट उतरव.” शेवटच्या दोन भोकांनी जेमतेम दहा ग्रॅम वाचले. त्या दोन भोकांच्या मध्ये चार मिलिमीटर पोलाद राहिले. एका दाबाला ते पुरेल, हा हिशेब बरोबर होता. हजार दाबांचा त्याने केला नव्हता.

“मग हा नऊवाला कुठला?”

“चार नंबरच्या गाडीतला. दादा गेला, त्या अपघाताच्याच संध्याकाळी मी बदलला. चौकशीवाले दुसऱ्या दिवशी आले.”

“आणि मूळचा?”

“दोन तुकडे झाले होते. भट्टीत टाकले.”

वहिनीने पर्स बाकावर ठेवली. चौकशीच्या अहवालातले वाक्य तिला पाठ होते. ब्रेक सुस्थितीत, चालकाने ते वेळेत लावले नाहीत. लोकांनी त्याचे सोपे करून टाकले होते, मस्तीत गेला.

“म्हणजे यांनी ब्रेक लावला होता.”

“हो. दाबल्याशिवाय दांडा तुटत नाही.”

“वेळेवर?”

“वेळेवर. उशिरा लावणाऱ्यातला नव्हता तो.”

मीठ मागावे तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, “चाळीस वर्षं दर रविवारी माझ्या हातचं जेवताय, भाऊजी.”

फिटरने मान हलवली.

तपासनीस भराभर लिहीत होता. “अकरा. हे कुठेच नोंदलेलं नाही. काका, तसा एक बनवून द्याल? गाडी अगदी तंतोतंत होईल.”

“आणि तुमच्या संग्रहालयाच्या पुस्तकात?” वहिनीने विचारले. “ते दुरुस्त कराल ना?”

“भोकांचा आकडा आजच करतो, काकू.”

“मी ब्रेकचं विचारतेय.”

“ते अहवालातून घेतलंय.” त्याने फिटरकडे पाहिले. “काकांनी स्वतः लिहून दिलं तर बघता येईल.”

“कोरा कागद द्या,” फिटर म्हणाला.

तो बाकावर बसून लिहू लागला. अक्षर मोठे, सावकाश. वहिनी गाडीभोवतीची दोरी ओलांडून चालकाच्या सीटवर जाऊन बसली.

“काकू, आत बसायला परवानगी...” तपासनीस म्हणाला आणि थांबला.

सीट दादाच्या उंचीला बसवलेली होती, बोल्टने पक्की. तिचा पाय पेडलपर्यंत पोचेना. स्टीअरिंगला धरून ती सरकत सरकत अगदी कडेला आली, तेव्हा चपलेचे टोक टेकले. तिने पेडल तळापर्यंत दाबले आणि फिटरचे लिहून होईपर्यंत दाबूनच धरले.