शर्यतीची प्लेट

पाच कंदिलाच्या चौकात एक गाय आडवी उभी होती आणि जीवरामभाऊंचा डावा पाय क्लचवर थरथरत होता. मागे रिक्षावाले हॉर्न बडवत होते. गाय हलली तसं भाऊंनी ॲक्सिलरेटर दाबून एंजिन चढवलं, पाय एकदम सोडला, आणि त्यांची जुनी फियाट बेडकासारखी तीन हात पुढे उडाली. मागच्या सीटवर त्यांची बायको द्रौपदाबाई होती. तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. पण तो एंजिनात बुडाला, आणि भाऊंचं सगळं लक्ष पुढच्या सायकलवाल्याकडे होतं.

"दखं का?" मागे न बघताच भाऊ म्हणाले. "प्लेट घसरनी का जराशी तरी?"

क्लचची प्लेट घसरली नव्हती. ती कधीच घसरत नसे, आणि भाऊंना तिचा अभिमान होता तो त्याचाच.

द्रौपदाबाईला मणक्याचा टीबी झाला होता. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी नव्वद सुया लिहून दिल्या होत्या, रोज एक, न चुकता. सुई त्यांच्या धुळ्यातच, पांझरेपलीकडे देवपुरातल्या दवाखान्यात टोचून मिळायची. म्हणून रोज सकाळी नऊ वाजता भाऊ दुकान उघडायच्या आधी तिला घेऊन निघत. पाच कंदिलाची गर्दी, मग पूल, मग पुलापलीकडचा खड्ड्यांचा रस्ता. जायला वीस मिनिटं, यायला वीस. दवाखान्यापाशी भाऊ गाडी चालू ठेवून बाहेरच बसत, कारण ती बंद केली की पुन्हा चालू करून हलवताना एक झटका जास्तीचा बसायचा. एवढं तरी आपण बायकोसाठी करतो, असं त्यांना मनापासून वाटत असे.

जीवरामभाऊंचं आग्रा रोडला क्लच प्लेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक ऐरण, दोन छिन्न्या आणि रिव्हेट ठोकायचा पंच. ट्रकची झिजलेली प्लेट यायची, भाऊ तिचं जळकं लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा वरचा थर, छिन्नीने उडवायचे, नवं बसवायचे, तांब्याचे रिव्हेट एकेक करून ठोकायचे. तीस वर्षं हेच. काम चोख, पण क्लच प्लेटचा जन्मच झिजण्यासाठी असतो. एंजिनाचा झटका ती स्वतःवर घेते, घासते, तापते, जळते, म्हणून तर गाडीतला माणूस सुखाने बसतो. हे भाऊंना ठाऊक होतं. पण तेच ट्रकवाले सहा महिन्यांनी जळकी प्लेट घेऊन परत आले की चारचौघांत म्हणत, भाऊ, तुमचं लायनिंग काही टिकत नाही बुवा. ड्रायव्हर पाय क्लचवर ठेवून अख्खा घाट चढणार आणि नाव जीवरामचं खराब होणार. भाऊ हसून घ्यायचे, पण मनात कुठेतरी ते साचत गेलं होतं. तीस वर्षांत आपल्या हातून टिकणारं असं काही झालंच नाही, हे त्यांना अलीकडे फार लागायला लागलं होतं.

अशात दोन वर्षांपूर्वी मोटारींची एक शर्यत हायवेने जाताना त्यातली एक फियाट लळिंगजवळ बंद पडली. मुंबईचा एक दाढीवाला पोरगा ती ट्रकला बांधून भाऊंच्या दारात घेऊन आला. क्लचचं बेअरिंग फुटलं होतं आणि धुळ्यात तसलं मिळणार नव्हतं. भाऊंनी शेजारच्या लेथवाल्याकडे बसून दुसऱ्या गाडीचं बेअरिंग घासून घासून त्याच्या मापाचं केलं, आणि दिवस मावळायच्या आत गाडी रस्त्याला लावली. पोरगा इतका खूश झाला की त्याने डिकीतून त्याचा जादा क्लच सेट काढून भाऊंच्या हातात दिला. ही प्लेट वेगळीच होती. लायनिंग नाही, तांबूस धातूच्या जाड टिकल्या, आणि तिला दाबून धरणारी वरची प्रेशर प्लेट तर दोन माणसांनी दाबावी अशी कडक. पोरगा जाताना सांगून गेला की चाचा, ही घरी आठवण म्हणून ठेवा, रोजच्या गाडीत लावू नका.

भाऊंनी आठ दिवस ती घरी ठेवली. रोज फडक्याने पुसली. नवव्या दिवशी गाडीत लावली. जी प्लेट शर्यतीत जळत नाही, ती गावातल्या गावात जन्मभर जाईल, हा त्यांचा हिशेब. तीस वर्षं जळक्या प्लेटी बघितलेल्या माणसाला दुसरा हिशेब सुचणं कठीणच होतं. लावली तेव्हा कळलं की पेडल दगडासारखं आहे आणि पाय हळूहळू सोडला तर गाडी थडथडते, बंद पडते. एकच उपाय, एंजिन चढवायचं आणि पाय झटक्यात सोडायचा. भाऊ ते शिकले. डावा गुडघा सुजायचा, त्याला रुईचं पान बांधून झोपायचे. तक्रार नाही. उलट आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला गाडीत बसवून एक चक्कर मारून आणायचे आणि विचारायचे, घसरली का? ट्रकवाले हसायचे, पण मान द्यायचे. 'शर्यतीची प्लेटवाले भाऊ' असं नाव पडलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना न जळणाऱ्या गोष्टीसाठी ओळखत होते.

सुया सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात द्रौपदाबाई एकदा म्हणाली होती की गाडी फार झटका देते, पाठीत कळ जाते. भाऊ हसले होते. म्हणाले, अगं, तीच तर तिची ताकद आहे. मग तिने रिक्षाने जाऊ का असं भीतभीत विचारलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. घरी गाडी असताना बायको रिक्षाने सुया घ्यायला जाते असं गावाने बघायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. दोन दिवस ते धड बोलले नाहीत. त्यानंतर तिने विषय काढला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी अमळनेरला दिलेली, घरात दुसरं कोणी नाही. मुकाट बसून राहायची तिची जुनीच सवय होती, आणि भाऊंनी आजवर तो तिचा चांगला स्वभावच समजला होता.

महिना उलटून एखादा दिवस गेला असेल. एका सकाळी ती दवाखान्यातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर आली. दाराला धरून हळूच आत बसली.

"सुया सरी ग्यात," ती म्हणाली. "आते नुसत्या गोया शेतस."

सुया संपल्या हे ऐकून भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. मोजायचं त्यांच्या मनातही आलं नाही. डॉक्टर लोक काही सांगतात, मग बदलतात, आणि बायको बरी झाली हे ऐकायला कोणाला नको असतं? दुकानात सगळ्यांना चहा पाजला. शेजारच्या सुपडूला, जो कांद्याचा ट्रक चालवायचा, हात धरून सांगितलं की संकट टळलं बाबा. सुपडूने नारळ फोडायला सांगितलं, तोही फोडला.

द्रौपदाबाई घरी राहू लागली. गोळ्या घ्यायची. मुलीकडे चल म्हटलं तर नको म्हणायची, चाळीसगावच्या लग्नाला चल म्हटलं तर तुम्हीच जाऊन या म्हणायची. अंगात थकवा असेल, भाऊ समजले. घरातली कामं ती भिंतीला धरून करायची. मग भिंत सोडवेनाशी झाली. पायाला मुंग्या येतात म्हणाली. त्याला वाताचं तेल झालं. तीन महिन्यांनी, एका सकाळी, ती न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली आणि तिला उठताच आलं नाही. पाय होते तिथेच होते, पण तिचे राहिले नव्हते.

भाऊंनी तिला गाडीत घातलं आणि जळगाव गाठलं. वाटेत पारोळ्याला बैलगाड्यांची रांग, एरंडोलला बाजार. दर थांब्याला गाडीने उडी घेतली. भाऊ घाईत होते, बायकोचं विव्हळणं त्यांना दुखण्याचं वाटलं, झटक्यांचं नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं, पायाच्या तळव्याला टाचणी टोचली, पुन्हा टोचली. मग द्रौपदाबाईच्या पिशवीतलं सुयांचं कार्ड काढून बराच वेळ बघत राहिले.

"नव्वद सुया लिहिल्या होत्या," ते भाऊंना म्हणाले. "एकतीस झाल्यात. बाकीच्या कोणी थांबवल्या?"

भाऊ म्हणाले, तुम्हीच. डॉक्टर म्हणाले, आम्ही कशाला थांबवू. मग त्यांनी मणका कसा दबला ते कागदावर काढून दाखवलं. निजवून ठेवू, सुया पुन्हा सुरू करू, पण पाय परत येतील असं मी सांगू शकत नाही, असं सरळ सांगितलं. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. भाऊंना वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

ते आत गेले. द्रौपदाबाई छताकडे बघत पडली होती. भाऊ स्टुलावर बसले.

"काबर?" शेवटी त्यांनी कारण विचारलं.

तिने मान वळवली नाही. "धक्का बसना का डोयासमोर अंधारी येस," ती म्हणाली. "एक डाव सांगं व्हतं. तुम्ही हसनात. मंग काय सांगू? बठ्ठा गावले तुम्ही ती प्लेट दखाडतस. जाता-येता दोन डाव मरनं व्हये. मंग सुयाच सोडी दिन्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो खोकल्यासारखा काढला. तिने उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या हाताने त्यांच्याकडे सरकवला, तेव्हा तर त्यांना तिथे बसवेना.

तिला पंधरा दिवस तिथेच ठेवायचं ठरलं. तिची बहीण पार्वताबाई जळगावलाच होती, ती डबा आणणार होती. भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे निघून एकटेच धुळ्याला परतले. मोकळ्या गाडीत दर थांब्याला झटका बसला, आणि दर वेळी त्यांनी कोणाला तरी विचारल्यासारखं मागच्या सीटकडे वळून बघितलं.

घरी न जाता त्यांनी गाडी दुकानात घेतली. गिअरबॉक्स उतरवला, शर्यतीची प्लेट काढली. मग एक साधी प्लेट घेतली, जुनीच, तिचं लायनिंग उडवून नवं बसवलं, एकेक रिव्हेट ठोकला, कडा कानशीने घासल्या. गाडी पुन्हा जोडून चालवून बघितली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाय हळूहळू सोडला तशी गाडी हळूहळू निघाली. भाऊ गाडीतून उतरले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. सुपडू शेजारून आला, त्याने काढलेली प्लेट उचलून बघितली आणि विचारलं की हिचं काय झालं, मोडली का? भाऊ म्हणाले, नाही, ती चांगली आहे. आणि मग एकदम त्यांना रडू फुटलं. सहा तास. एवढंच काम होतं ते. क्लचचं काम करणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या स्वतःच्या गाडीत, सहा तासांचं काम. कुठल्याही ट्रकवाल्याने येऊन सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी करून दिलं असतं. सुपडू त्यांच्याजवळ बसून राहिला.

पंधरा दिवसांनी द्रौपदाबाईला घरी आणायचं होतं. पाय आले नव्हते. तिला आडवं निजवून न्या, डोकं कोणीतरी धरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सुपडू चालवायला आला आणि भाऊ मागे बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. आपल्याच गाडीत मागे बसायची त्यांची ती पहिली वेळ होती. प्लेट बदलल्याचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं आणि कोणत्या तोंडाने, हे त्यांना पंधरा दिवसांत जमलं नव्हतं.

सुपडूने चावी फिरवली. एंजिन सुरू झालं आणि द्रौपदाबाईने डोळे मिटले. एका हाताने पुढच्या सीटची खालची पट्टी धरली, दुसऱ्या हाताने पदराचं टोक गोळा करून तोंडात घातलं आणि दातांखाली दाबलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या. सगळं इतकं सराईतपणे झालं की भाऊंना बघवेना, आणि नजरही काढवेना. एकतीस दिवस, जाऊन-येऊन, ते हिच्यापासून दोन हातांवर पुढे बघत बसले होते.

गाडी निघाली. झटका बसला नाही. फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, तरी तिची मूठ सुटली नाही. भाऊ वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आते झटका बसाव नही. प्लेट काढी टाकी मी."

तिने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. ऐकलं, असं मानेने सांगितलं. पदर तोंडातून काढला, त्याचं ओलं झालेलं टोक हाताने पुसलं. भाऊंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. बाहेर केळीच्या ट्रकांची रांग मागे गेली, मग शेतं लागली.

पारोळ्याच्या फाट्यावर रस्त्यात मेंढरं होती. सुपडूने गाडी हळू केली, थांबवली. मांडीवर तिची मान पुन्हा ताठ झालेली भाऊंना कळली. तिने हळूच पदर ओढून घेतला, तोंडात घातला, आणि मेंढरं जायची वाट बघत डोळे मिटून पडून राहिली.